चौगुले काकांचा जाळ

"मंजिरी, खरं सांग, विजेवर शिजवलेल्या बिअरला बिअर म्हणायचं का?"

चौगुले काकांनी हे विचारलं तेव्हा माझा एक पाय गाडीच्या बाहेर होता आणि एक आत. मी नुकतीच ऑफिसातून आले होते, डोकं उठलेलं होतं. म्हटलं, "काका, आधी घरात तर जाऊ द्या मला." तर म्हणाले, "जा की. कोण अडवतंय? उत्तर देऊन जा." आणि गाडीच्या दाराला टेकून उभे राहिले, म्हणजे अडवूनच.

तो प्रश्न काही त्या दिवशी सुटला नाही. पुढचा अख्खा हिवाळा तो चालला आणि त्यात एकदा आमची दोन्ही घरं उडायची वेळ आली. ते पुढे सांगते.

अ‍ॅशबर्नमध्ये आमची टाउनहाउसची रांग आहे. त्यांचं घर आणि आमचं, भिंतीला भिंत. इथे जिकडे बघाल तिकडे डेटा सेंटरचे बिनखिडक्यांचे डबे, आणि त्यातल्याच एका डब्यात मी पॉवरचं काम बघते. त्यामुळे ओळखीतल्या सगळ्या मराठी माणसांची अशी समजूत झालेली आहे की मी मिक्सर दुरुस्त करते. काका तर माझी ओळखच "ही आमची विजेची बाई" अशी करून द्यायचे. मला राग यायचा, पण त्यांच्यावर राग धरून बसणं जमायचं नाही. माणूसच तसा होता.

नाव बाळासाहेब, गाव कोल्हापूरकडचं. जन्मभर बँकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर काम करून निवृत्त झालेले. अंगानं आडवे, मिशी पांढरी, थंडीतही पायात चपला. नाक मात्र मोठं आणि सरळ, आणि त्या नाकाचा त्यांना फार अभिमान. "बिअर नाकानं करायची," म्हणायचे. "जिभेनं नुसती सही करायची."

गॅरेजमध्ये गाडी कधी नव्हतीच. तिथे प्रोपेन गॅसचा सिलिंडर, त्याला जोडलेली तिपाई शेगडी आणि वर एक अवाढव्य स्टीलचं भांडं. भांड्याला ते काहील म्हणायचे, कारण त्यांच्या घरचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस मोठ्या काहिलीत कढत ठेवायचा, वर येणारी मळी काढत राहायची, आणि गुळव्या म्हणजे गूळ करणारा माणूस नुसत्या वासावरून आणि फुटणाऱ्या बुडबुड्यांवरून सांगणार, झालं. "तो काय म्हणतोय म्हणून सगळे त्याच्या तोंडाकडं बघत उभे," काका सांगायचे. "कोण बोलायचं नाही. तो 'उतरवा' म्हणाला की काहील खाली. जरा उशीर झाला तर गूळ काळा, जरा लवकर तर नुसती काकवी." हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा.

बिअरचंही त्यांच्या मते तेच. मोड आणून भाजलेली बार्ली गरम पाण्यात मुरवायची, तिचा गोड रस काढायचा आणि हॉप्सची कडवट फुलं घालून तो कढवायचा. "गुऱ्हाळच की हे," म्हणायचे. "उसाच्या जागी बार्ली. गोऱ्यांनी नाव बदललं फक्त." गुऱ्हाळात रस स्वच्छ करायला भेंडीचं पाणी घालतात म्हणून हे बिअरमध्येही भेंडीचं पाणी घालायचे. ओळखीचा भाजीवाला त्यांच्यासाठी जून भेंडी बाजूला काढून ठेवायचा. आणि शेगडी पेटवताना एक वाक्य ठरलेलं, मिशीला पीळ देत: "चला, जाळ आन् धूर संगटच."

बार्लीची मूठ तळहातावर चोळायची, नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे. मग निकाल. खमंग, खरपूस, कच्चट, कुबट, खवट, करपट, ओशट. इंग्रजीत एवढे वास नाहीतच, असा त्यांचा दावा. म्हणून मागच्या रस्त्यावरच्या ग्रेगला त्यांनी हे शब्द शिकवले होते. ग्रेग पण घरी बिअर करायचा, उंच, शांत, लाल दाढीचा. त्याच्याकडे सगळं इलेक्ट्रिक. तापमान फोनवर दिसणार, फोनवरूनच कमी-जास्त होणार. काका त्याच्यासमोरच मला मराठीत सांगायचे, "हा बिअर करत नाही, बिअरला मेसेज पाठवतो." आणि ग्रेगला काही कळलं नाही तरी तो हसायचा, कारण काकांना हसताना पाहून हसू यायचंच.

आता असा माणूस, ज्याला विजेच्या शेगडीचं काडीचं कौतुक नाही, तो मला दर चार दिवसांनी तेच का विचारत होता? कधी विचारायचे, "दोनशे चाळीस व्होल्ट म्हंजे आपल्या ड्रायरसारखंच ना?" कधी, "त्या कॉइलवर खाली लागत नाही का गं?" मी उत्तर दिलं की म्हणायचे, "असू दे. आपल्याला काय करायचंय." आणि पुढच्या आठवड्यात परत. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, घ्यायचं नाही तर चौकशी कशाला?" तर नुसते बघत राहिले. तो एरवीचा मिश्कीलपणा नव्हता त्या बघण्यात.

त्याचं कारण मला सुमन काकूंकडून कळलं.

काकू म्हणजे काकांच्या बरोबर उलट. बारीक, टापटीप, देवाधर्माच्या, बोलणं मोजकं. बिअर कधी ओठाला लावली नाही. हॉप्स कढायला लागले की त्यांचं डोकं दुखायचं, मग त्या खिडक्या उघडायच्या आणि उदबत्ती लावून वर जाऊन बसायच्या. त्या एकदा दुपारी माझ्याकडे आल्या, चहा नको म्हणाल्या, आणि पदर चाळवत बसल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या काकांना वास येत नाही."

मला वाटलं सर्दी.

"नाही गं. तो ताप आला होता ना वसंतात, तेव्हापासून. काहीच नाही. दूध करपून काळं झालं, हे शेजारी पेपर वाचत बसलेले. मी मुद्दाम कापूर नाकाशी नेला, म्हणाले, 'छान आहे.' काय आहे ते नाही सांगितलं. छान आहे म्हणाले." त्यांनी पदर मुठीत गोळा केला. "कबूल करत नाहीत. मी विचारलं की चिडतात. डॉक्टरचं नाव काढू देत नाहीत. आणि तो सिलिंडर घेऊन गॅरेजमध्ये बसतात, मंजिरी. गॅस सुटला तर कळणार कसं? मी खाली देवापाशी बसले तरी अर्धं लक्ष तिकडेच. तू सांग त्यांना, विजेचं घ्या म्हणून. तुझं ऐकतील. पण मी सांगितलंय हे कळू देऊ नको."

बरं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार. पण त्या गेल्यावर काका इतके दिवस विजेबद्दल का विचारत होते ते एकदम लख्ख कळलं. त्यांना हवं होतं की कुणीतरी दुसऱ्यानंच सांगावं, दुसऱ्याच कारणानं.

मग मी कंबर कसली. एका शनिवारी जाऊन त्यांचं इलेक्ट्रिक पॅनेल उघडून पाहिलं. जागा होती. खालच्या मजल्यावर लाँड्रीची छोटी खोली, तिथवर वेगळी लाइन ओढता येत होती. पाण्याचं काम म्हणून करंट गळला तर लगेच तुटेल असा ब्रेकर लावायचा, वाफ बाहेर काढायला पंखा बसवायचा, परमिट काढून लायसन्सवाल्या माणसाकडून करून घ्यायचं. मी सगळं समजावलं. आणि प्रामाणिकपणे हेही सांगितलं की बिअर काही चांगली होणार नाही त्यानं. तुमच्या हाताची चव वीज देणार नाही. पण आच एकसारखी राहील, थंडीवाऱ्यात उभं राहावं लागणार नाही, आणि घरात जाळ नको, गॅस नको, धुराचा विषारी वायू नको. "तेवढ्यासाठी तरी वर्थ इट आहे काका."

ते स्टुलावर बसून ऐकत होते. हातात बार्लीची मूठ होती, नुसतीच चोळत होते, नाकाशी नेत नव्हते.

"जाळ दिसला पाहिजे गं," म्हणाले. "डोळ्याला दिसतंय म्हणून माणूस सावध राहतोय. त्या कॉइलचं काय कळणार? आणि ती टीचभर स्क्रीन सांगणार मला, आता हॉप्स टाका. अगं, ज्याला नाक नाही त्याला मीटर लागतोय."

बोलून गेले आणि थांबले. बार्ली हातातच राहिली. मी पॅनेलचं झाकण लावायचं निमित्त करून पाठ वळवली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मला माहीत आहे, सगळं माहीत आहे, आता पुरे करा. पण काकूंना शब्द दिला होता. मागून त्यांचा आवाज आला, "बघू. दिवाळी होऊ दे."

दिवाळी झाली. दरवर्षीसारखा त्यांच्याकडे फराळ होता, चिवड्याबरोबर काकांची गुळाची बिअर. हे कॉम्बिनेशन ऐकून नाक मुरडणारे लोकही दोन ग्लासांनंतर वाद घालायला लागायचे. काका स्वतः प्रत्येकाला ग्लास भरून द्यायचे. पूर्वी भरताना आधी स्वतः हुंगायचे. त्या दिवशी भरला की समोरच्याच्या हातात, आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. "कसा आलाय वास?"

मी एक घोट घेतला आणि माझ्या लक्षात आलं. खराब झाली होती. ओल्या पोत्याचा, बंद कपाटाचा वास. आणि आपली माणसं कशी असतात तुम्हाला माहीत आहे. "मस्त", "छान", "नेहमीसारखी". सगळे हळूच ग्लास फराळाच्या ताटामागे सरकवत होते आणि काका एकेका तोंडाकडे बघत होते. मीही म्हटलं, "छान." 

ग्रेगनं ग्लास नाकाशी नेला. बराच वेळ धरला. मग खाली ठेवून, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "इट्स कुबट, बाला."

शब्द काकांनीच शिकवलेला, उच्चारही बरोबर.  काका हसले. "हो, हो. ट्रायल बॅच होती. बघत होतो कोण खरं बोलतंय." सगळे सुटल्यासारखे हसले. काकू मात्र नवऱ्याकडे बघत होत्या, आणि काका हातातला जग दोन्ही हातांनी धरून उभे होते, ग्रेगकडे न बघता. त्यांनी उरलेली बिअर कुणालाही दिली नाही.

त्यानंतर मला वाटलं, आता ऐकतील. छे. उलट त्यांनी जिद्दच धरली. थंडी वाढत गेली तसा गॅरेजचा दरवाजा थोडाच उघडा ठेवून आत जाळ चालू ठेवायचे. मी भांडले. म्हटलं, "बंद जागेत जाळ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, त्याला तर कुणालाच वास येत नाही." "कुणालाच" म्हणताना माझी जीभ अडखळली. "फट ठेवतोय की," म्हणाले. "चांगली हातभर." आणि मग, दुसरीकडे बघत, "ही एक बॅच होऊ दे. एक बरोबर जमली की मग लाव तुझी वीज." ग्रेगच्या त्या एका शब्दाला त्यांना उत्तर द्यायचं होतं. मी काकूंना सांगून ठेवलं, बिअरचा बेत असेल त्या दिवशी मला फोन करत जा. पण ते आधी सांगायचेच कुठे.

आणि तो दिवस आला. दुपारची वेळ, बाहेर ऊन पण वारा असा की चालताना माणूस तिरका व्हावा. मी घरूनच काम करत होते. काकूंचा डबा परत करायचा राहिला होता म्हणून उठले. त्यांचं पुढचं दार खालच्या मजल्यावर उघडतं, एका बाजूला लाँड्री, एका बाजूला देवघराची खोली, आणि समोर गॅरेजमध्ये जायचं दार. काकू देवापाशी बसलेल्या, समोर निरांजन.

मी चपला काढता काढता म्हटलं, "काकू, आज हिंगाचा हात सैल सुटलाय. खालपर्यंत वास येतोय."

काकू पोथी वाचत होत्या. त्यांनी मान वर केली. "हिंग कुठला गं? आज संकष्टी. माझा उपास आणि त्यांनाही खिचडीच केलीये. उपासाला हिंग घालतात का?"

आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

आपल्या घरातला वास, सवयीचा. काकूंनाही आला असणार, त्यांना वाटलं असेल भिंतीपलीकडे माझ्याकडे फोडणी आहे. पण त्यांच्या घरात हिंग नाही आणि माझ्या घरात त्या दिवशी चूल पेटलेली नाही. मग हा वास कसला ते आम्हाला एकाच वेळी कळलं.

"निरांजन," मी म्हटलं. "काकू, विझवा ते."

आता ऐका. घरात गॅस पसरलाय, आणि त्या बाईनं तोंडानं फुंकर घातली नाही. देवापुढचं निरांजन फुंकून विझवत नाहीत. त्यांनी तबकातलं फूल उचललं आणि त्या फुलानं वात दाबून निरांजन शांत केलं. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. 

त्या धावल्या त्या गॅरेजच्या दाराकडे, आणि दार उघडून पहिला हात गेला तो भिंतीवरच्या बटणाकडे, मोठा दरवाजा वर करायला. मी तो हात धरला, नंतर पाहिलं तर बोटं उमटली होती. ते बटण म्हणजे मोटर, आणि मोटर म्हणजे ठिणगी. "काही दाबायचं नाही. दिवा नाही, काही नाही."

गॅरेजमध्ये अर्धवट अंधार. मोठा दरवाजा वाऱ्यामुळे जवळजवळ टेकलेला, खाली चार बोटांची फट. काहिलीखालचा जाळ वाऱ्यानं विझलेला, आणि शेगडीतून बारीक सूं असा आवाज. वास असा की घशात बसावा. आणि काका वाकून, लांब दांड्याचा लायटर हातात घेऊन, शेगडीपाशी जाळ परत लावायच्या बेतात.

"काका," मी म्हटलं. ओरडले नाही. दचकून त्यांचं बोट दाबलं जाईल म्हणून ओरडले नाही. "लायटर पेटवू नका."

"का गं?" त्यांनी मान वळवली. बोट खटक्यावरच.

"वास येतोय."

"येतोय की," काका म्हणाले. "बार्लीचा. आज झकास आलाय."

मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. दोन पावलांवर तो लायटर, आणि मला कळेना हात घालू की नको. तेवढ्यात माझ्या मागून काकू बोलल्या. आवाज चढवला नाही.

"तुम्हाला वास येत नाही. गॅस सुटलाय. ते खाली ठेवा."

 शेगडीचा तो बारीक आवाज तेवढा चालू होता. काका बायकोकडे बघत राहिले. मग खटक्यावरचं बोट काढलं, लायटर जमिनीवर नीट ठेवला, आणि सिलिंडरची चावी बंद केली. आवाज थांबला. मी दरवाजा मोटरपासून सोडवणारी लाल दोरी ओढून तो हातानं वर ढकलला. वारा आत घुसला. तिघंही बाहेर रस्त्यावर आलो, काकूंच्या पायात काही नव्हतं, मी फायरवाल्यांना फोन केला.

ते आले, सगळीकडे यंत्र फिरवून पाहिलं. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून खाली बसूनही पाहिलं. मग त्यांच्यातला एक वयस्कर माणूस टोपी काढून काकांपाशी आला. आवाजात राग नव्हता. "डिड यू नॉट स्मेल इट, सर?"

मला वाटलं, आता म्हणतील सर्दी आहे.

"नो," काका म्हणाले. "आय कान्ट स्मेल. सिन्स द फीव्हर. नथिंग."

बायकोला, डॉक्टरला, मला जे इतके महिने सांगितलं नव्हतं, ते एका अनोळखी युनिफॉर्मवाल्याला रस्त्यात उभं राहून सांगितलं. त्या माणसानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काकू थोड्या अंतरावर अनवाणी उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि तेव्हा कुठे रडल्या.

सिलिंडर गेला, शेगडी गेली. काहील धुऊन गॅरेजमध्ये उपडी पडली. काका डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल कदाचित, कदाचित नाहीही येणार. मला वाटलं होतं संकट टळलं म्हणजे सगळे सुटलो. पण आता काकूंना दुसरीच काळजी लागली. काका बोलेनात. पार्किंगमध्ये माझी गाडी अडवेनात. खिडकीपाशी बसायचे, समोर टीव्ही, आवाज बंद. ग्रेग दोनदा येऊन गेला, त्याच्याशीही "गुड, गुड" एवढंच. एकदा जेवताना ताट बाजूला सारून म्हणाले, "पुठ्ठा खातोय मी." काकूंनी मला फोनवर सांगितलं, "जाळापेक्षा याचं जास्त भ्या वाटतंय गं मला."

मी त्या रविवारी तावातावानं गेले. मला असं गप्प बसणं सहनच होत नाही. म्हटलं, "काका, इलेक्ट्रिशियन बोलावलाय. सगळं ठरवलंय. तुम्ही फक्त हो म्हणा."

"हो म्हणतो," काका म्हणाले. "पण वर्थ इट आहे का ते तूच सांग. आच देईल तुझी वीज. किती डिग्री झालं ते सांगंल. वास कोण सांगणार? मी काय लाँड्रीत बसून पाणी तापवू?"

 विजेचं सगळं मला कळत होतं, पण त्यांचं म्हणणं खरं होतं.

"मी सांगीन."

काकू जिन्यावर उभ्या होत्या, हातात वाळलेल्या कपड्यांची टोपली.

काकांनी वळून पाहिलं. "तुझं डोकं दुखतंय त्या वासानं."

"दुखू दे."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"चाळीस वर्षं तुमच्या तोंडून ऐकतेय. खमंग काय, करपट काय. स्वयंपाक काय डोळे मिटून केला का मी?" आणि टोपली खाली ठेवून त्या पायऱ्या उतरून आल्या. "विजेचं घ्या. मी उभी राहते."

इलेक्ट्रिशियन येऊन गेला. मी प्रत्येक जोड दोनदा तपासला, तो बिचारा कंटाळला. लाँड्रीच्या खोलीत बुडाला कॉइल लावून काहील बसली, भिंतीवर डबी आणि तिला एक गोल बटण, वर वाफेचा पंखा. काकांनी त्या बटणाकडे नापसंतीनं पाहिलं, पण मिशीला हात गेला.

मग मी माझ्या कामाला लागले. कामाच्या गडबडीत तिकडे जाणंच झालं नाही. एका सकाळी काकूंनी बोलावलं म्हणून गेले. पुढचं दार उघडंच होतं, भाजलेल्या बार्लीचा वास बाहेरपर्यंत आलेला. लाँड्रीचं दार अर्धं उघडं. मी तिथेच थांबले, आत गेले नाही.

काहील कढत होती. काकूंनी केसांना फडकं बांधलेलं, कपाळाला बाम चोपडलेला, आणि त्या वाफेवर वाकून डोळे मिटून उभ्या. तोंड आंबट झालेलं, पण हलत नव्हत्या. "अजून कच्चट आहे," म्हणाल्या. "थांबा." काका शेजारी, हातात हॉप्सची वाटी. ना वाफेकडे बघत होते, ना भिंतीवरच्या डबीतल्या आकड्याकडे. बायकोच्या तोंडाकडे बघत होते. कोण काही बोलत नव्हतं. हॉप्स पडले. मग पुन्हा वाकणं, पुन्हा थांबणं. माझ्या हातात माझाच फोन वाजला तर मी तो घाईघाईनं बंद केला, मधे आवाज नको म्हणून.

काकूंनी एक लांब श्वास घेतला, सरळ उभ्या राहिल्या आणि पदरानं कपाळ पुसलं.

"उतरवा," म्हणाल्या.

काहिलीखाली जाळ नव्हता. उतरवायचं काहीच नव्हतं. काकांनी हात पुढे केला आणि भिंतीवरचं बटण फिरवून बंद केलं.